पाव मिनिटाचा क्लिक आणि आमच्या कोठ्याची भिंत

आधी कबूल करून टाकतो, एप्रिलमधले दहा-बारा दिवस मी रोज संध्याकाळी स्वतःच्याच हाताला शिव्या देत होतो. कापूस विकून झालेला, तूर घरात आलेली, वावरात उन्हाळवाही सोडली तर काही काम नाही, वर्कशॉपमध्ये पण गिऱ्हाईक कमी, म्हणून पुतण्याच्या निमित्ताने घेतलेली एअरगन घेऊन कोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या गोठ्याच्या मागे बसायचो. बॅरल मोडून भरायची साधी स्प्रिंगवाली गन, ४.५ एमएमची, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे लायसन लागत नाही ती. तिच्यावर ऑनलाइन मागवलेला ३-९x४० स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, तीन ते नऊ पट जवळ दाखवणारी. समोर २५ मीटरवर मातीचा ढिगारा, त्याच्यापुढे वाळू भरलेलं पोतं, पोत्यावर कागद.

(डुकरांसाठी घेतली का म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांनी विचारून झालं. नाही. रानडुकराला छऱ्याने काही होत नाही, जखमी होऊन दुसऱ्याच्या वावरात जाऊन मरेल फक्त, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आहे तो वेगळाच. पाखरांवर पण नाही. कागद, बस.)

तर व्हायचं असं. छर्रे डावीकडे तीन-साडेतीन सेंटीमीटर पडायचे, मी स्कोपचा नेम सरकवायच्या नॉबचं टोपण काढून उजवीकडे दहा क्लिक द्यायचो, टक टक टक, एकदम छान आवाज, आणि पुढचा छर्रा परत तिथंच. परत दहा क्लिक. परत जवळपास तिथंच. मग तिसऱ्या-चौथ्या छऱ्याला अचानक टणकन उजवीकडे चार सेंटीमीटर. मग मी डावीकडे आणणार, तो ऐकणार नाही, मग एकदम ऐकणार. पोत्याला भोकं पडून वाळू गळायला लागली पण कागदाच्या मधोमध काही येईना. पुतण्या मागे कुटाराच्या ढिगावर बसून पाहत होता, तो म्हणाला, "काका, तुमचा हात हालून रायला." आणि मला ते पटलं, हाच कहर. चष्मा लागलाय, वय झालंय, चहा जास्त पितो, सगळी कारणं मीच मला देऊन मोकळा.

आता मी धंद्याने टर्नर. आयटीआय केलं, दुसऱ्याच्या कारखान्यात काही वर्षं काढली, आता घराच्या पुढच्या भागात एक जुनी लेथ आहे, ट्रॅक्टरच्या पिना, पंपाच्या शाफ्टी, थ्रेशरचे बुश, असली कामं. डायल फिरवणं हे माझं रोजचं. आणि लेथवरच्या कुठल्याही माणसाला विचारा, क्रॉस स्लाइडचा डायल उलटा फिरवला तर पहिले काही भाग हँडल नुसतं हवेत फिरते, टूल हालतच नाही. बॅकलॅश. म्हणून माप घ्यायचं ते नेहमी एकाच बाजूने येऊन, जास्त गेलं तर पूर्ण मागे घेऊन परत यायचं. हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. आणि मी, वीस वर्षं डायल फिरवलेला माणूस, स्कोपच्या डायलवर मात्र असा विश्वास ठेवून बसलो की जसं त्याच्यावर लिहिलेलं म्हणजे देवाने लिहिलेलं.

त्याच्यावर लिहिलेलं काय असते, तर १ क्लिक = १/४ एमओए. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचे साठ भाग केले त्यातला एक. १०० मीटरवर ते २९ मिलिमीटर भरते, म्हणजे पाव मिनिटाचा एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर, माझ्या २५ मीटरवर १.८ मिलिमीटर. काही स्कोपवर एमओए न लिहिता १०० यार्डाला पाव इंच असं लिहितात, ते तंतोतंत सारखं नसते, १०० यार्डावर एक मिनिट १.०४७ इंच भरते, म्हणजे पावणेपाच टक्क्यांचा फरक. आणि मिलवाले स्कोप वेगळे (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग), त्यात ०.१ मिलचा क्लिक, १०० मीटरला बरोबर १ सेंटीमीटर, हिशोबाला तोच बरा वाटतो मला. पण हे सगळं कागदावरचं. चाळीस क्लिक दिले तर २५ मीटरवर ७३ मिलिमीटर सरकायला पाहिजे, सरकतात का, हे बघायचं कसं?

लोक सांगतात बॉक्स टेस्ट करा. एकाच ठिकाणी नेम धरून छर्रे मारा, मग चाळीस क्लिक वर, मारा, चाळीस उजवीकडे, मारा, चाळीस खाली, चाळीस डावीकडे, आणि शेवटचे छर्रे पहिल्या भोकांवर यायला पाहिजे, कागदावर चौकोन दिसला पाहिजे. मी केली. चौकोन सोडा, पोट्टे संक्रांतीला उडवतात तशी एका बाजूने फाटलेली पतंग दिसत होती. पण त्यातून मला काही कळलं नाही, कारण माझा पाच छऱ्यांचा ग्रुपच, म्हणजे भोकांचा पसाराच, २५ मीटरवर अडीच सेंटीमीटरचा. म्हणजे मोजायची चूक पाच-सात मिलिमीटरची आणि माझी फूटपट्टीच २५ मिलिमीटर हालणारी. हात, गन, छर्रा, स्कोप, सगळ्यांचं पाप एकाच कागदावर. असं मोजमाप आम्ही वर्कशॉपमध्ये केलं तर गिऱ्हाईक शाफ्ट डोक्यात घालेल.

मग सुचलं की गोळी मारायचीच कशाला. स्कोप गनवरून काढला, त्याला धरणाऱ्या रिंगांसकट अँगल प्लेटवर बसवला आणि प्लेट लेथच्या बेडवर क्लॅम्प केली. बीडाचा बेड, चार माणसांनी न हलणारा. मागचं दार उघडलं की सरळ कोठ्याची भिंत दिसते, टेप लावून मोजली तर बेडपासून साडेचोवीस मीटर, प्लेट थोडी मागे घेतली, बरोबर २५ झाले. भिंतीवर वाढदिवसाचा एक फ्लेक्स बॅनर उलटा करून ठोकला (कोणाचा ते विचारू नका, निवडणूक येऊन राहिली), त्याच्या पांढऱ्या बाजूवर ओळंबा सोडून उभी रेघ मारली आणि दर पाच मिलिमीटरला मार्करने आडव्या खुणा. हे करायला अख्खी दुपार गेली. बाबा दोनदा येऊन पाहून गेले. "काय मोजून रायला रे त्या भितीवर?" म्हटलं स्कोप तपासतो. "तपासाले भीत कायले लागते?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

स्कोपचा मध्य पहिले काढला. दोन्ही नॉब टोकापासून टोकापर्यंत हळूच फिरवून मोजले, वर-खालीचे एकूण २२८ क्लिक, अर्धे ११४. मग व्ही-ब्लॉकवर ट्यूब ठेवून स्कोप गोल फिरवून पाहिला, क्रॉस, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली, भिंतीवर छोटं वर्तुळ काढते, नॉब थोडे थोडे फिरवून ते वर्तुळ ठिपका होईपर्यंत आणायचं. फोर जॉ चकमध्ये जॉब सेंटर करतो अगदी तसंच, त्यामुळे इथं मला जरा मोठं वाटलं स्वतःबद्दल.

आता मजा बघा. नॉब अपच्या दिशेने फिरवला की भिंतीवर क्रॉस खाली सरकते. पहिल्यांदा पाहून मी गोंधळलो, मग लक्षात आलं की बरोबरच आहे, नजर खाली गेली की नेम धरताना गनची बॅरल वर उचलावी लागते. २० क्लिक दिले, हिशोबाने ३६ मिलिमीटर, क्रॉस गेला ३४. चाळीसला ७३ पाहिजे, ६९. साठला १०९ पाहिजे, १०३. ठीक आहे म्हटलं, थोडं कमी पण एका चालीने कमी. मग ८० ला पाहिजे १४५, आणि क्रॉस ११९ वर थांबला. क्लिकचा आवाज तोच, बोटाला लागणारी टक तीच, वीसच्या वीस क्लिक मोजून दिलेले, पण क्रॉस गेला फक्त १६ मिलिमीटर. मी डोळा लावलेला ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने नॉबवर हळूच टकटक केलं आणि माझ्या डोळ्यासमोर तो क्रॉस हालला. झोपेतून दचकून उठल्यासारखा, ११९ वरून १३१ वर. आणखी टकटक केलं, हालला नाही.

बाराच्या बारा दिवसांचं उत्तर त्या एका उडीत होतं. माझ्या छऱ्यांमध्ये पण हेच व्हायचं, क्लिक द्यायचो तेव्हा आत काही हालायचंच नाही, मग दोन-तीन फायरचे दणके बसले की अडकलेलं सुटायचं आणि एकदम उडी.

असं का होते, तर स्कोपच्या मोठ्या नळीच्या आत एक छोटी नळी असते, इरेक्टर ट्यूब म्हणतात तिला, मागच्या टोकाला ती टेकून झुलते. वरचा नॉब म्हणजे एक बारीक आट्याचा स्क्रू, तो त्या नळीला वरून दाबतो, बाजूचा नॉब बाजूने दाबतो, आणि त्या दोघांच्या विरुद्ध तिरकी एक स्प्रिंग बसवलेली असते, स्वस्तात बहुतेक पत्र्याची पट्टी, ती नळीला स्क्रूंवर रेटून धरते. म्हणजे स्क्रू आत जातो तेव्हा नळीला सरकावंच लागते, लोखंडाने लोखंड ढकललं. पण स्क्रू बाहेर येतो तेव्हा नळीला ढकलणारी फक्त ती स्प्रिंग. आणि माझ्या स्कोपवर अप म्हणजे स्क्रू बाहेर. जितकं अप जाल तितकी स्प्रिंग सैल, शेवटच्या टप्प्यात तिच्यात जीवच उरत नाही, नळी बाजूच्या स्क्रूच्या टोकाला घासून अडकते आणि क्लिक मात्र वाजत राहतात, कारण क्लिकची खाचेची चकती वर नॉबमध्ये, नळीशी तिचा काही संबंध नाही. आवाज वेगळा, हालचाल वेगळी. लेथच्या बॅकलॅशपेक्षा हे वाईट, तिथं रिकामं फिरलेलं हाताला तरी कळते.

डाऊनच्या बाजूला तोच स्कोप शहाण्यासारखा वागला. ८० क्लिकला १३७ मिलिमीटर, प्रत्येक वीसला ३४-३४, एकसारखे, टकटक करून पण फरक नाही. म्हणजे खरा क्लिक १.८ नाही, १.७ मिलिमीटरचा, सहा टक्के कमी. आणि हे मला चालते. क्लिक कमी भरतो पण नेहमी तेवढाच कमी भरतो तर मी डोक्यात हिशोब ठेवून काम करू शकतो, जुन्या लेथवर करतोच. आज सहा टक्के, उद्या पंधरा, परवा शून्य, त्याला काय करणार?

उभी तार ओळंब्याच्या रेघेवर बरोबर बसवली होती तरी साठ क्लिक वर जाईपर्यंत क्रॉस सहा मिलिमीटर डावीकडे सरकला, हे पण सापडलं. वरचा नॉब फिरवला आणि बाजूचं माप बदललं. स्प्रिंग तिरकी, नळीचा टेका गोल, त्यामुळे एकीचं दुसरीला लागते. माझी पतंग अशी फाटली होती.

पण माझी गन त्या टोकाला गेलीच का, हा मुद्दा राहिला. गनवर झिरो झालेला असताना, म्हणजे नेम तिथंच छर्रा पडत असताना, नॉब वरच्या टोकापासून फक्त २२ क्लिक मागे होता, मध्यापासून ९२ वर, बरोब्बर त्या मेलेल्या स्प्रिंगच्या इलाक्यात. कारण बॅरल मोडायच्या गनमध्ये ती बॅरल बिजागरीवर बंद होताना पुढून किंचित झुकलेली राहते, उघड्या साइटने मारणाऱ्याला ते कळत पण नाही, स्कोपवाल्याला मात्र ते झुकणं भरून काढायला सगळं अप खर्चावं लागते. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सर, छर्रा बदलून बघा. बदलला होता, तीन प्रकारचे.

इलाज वर्कशॉपातच होता. मागच्या रिंगमध्ये ट्यूबखाली ०.३ मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी. दोन रिंगांमध्ये माझं अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे हजारात तीन, २५ मीटरवर ७५ मिलिमीटर, लिहिलेल्या हिशोबाने एक्केचाळीस क्लिक परत मिळाले. झिरो आला मध्यापासून पन्नासच्या आसपास, जिथं स्प्रिंगमध्ये दम आहे. पण नुसती शिम घालून रिंग आवळली तर ट्यूब वाकते किंवा चिमटते, आणि चिमटलेल्या ट्यूबमध्ये आतली नळी आणखीच अडकते, म्हणून त्याच मापाची सळई टर्न करून ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन्ही रिंगा घासून घेतल्या, एका रेषेत येईपर्यंत. ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी झुकाव दिलेलं तयार माउंट घ्यावं, मिळते. आणि रिंगचे स्क्रू आवळताना ट्रॅक्टरचा नट समजू नका, तीन बोटांनी, छोट्या ॲलन कीने, आडवे-तिडवे पाळीने.

आता नॉब फिरवायची माझी पद्धत ठरली आहे. अपला वीस द्यायचे असतील तर तीस द्यायचे आणि दहा परत, म्हणजे शेवटची हालचाल नेहमी स्क्रू आत जाणारी, नळीला ढकलणारी. मग टोपणावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ दोनदा वाजवायची. मग दोन छर्रे ढिगाऱ्यात सोडायचे, ते मोजायचे नाहीत. त्यानंतरचा छर्रा खरा. जुने लोक स्कोपला टिचक्या मारायचे त्याला मी अंधश्रद्धा समजायचो, माफी असावी.

मग शेजारच्या भावाने, माझ्याच सांगण्यावरून, तोच मॉडेल घेतलेला होता, तो पण आणून बेडवर चढवला. तोच डबा, तेच फॉइल, तोच चमकदार नॉब. त्याचा क्लिक भरला १.९, अपला शेवटपर्यंत बिनतक्रार चालला, पण चाळीस वर चाळीस खाली केलं की पहिल्या जागेवर कधी येतच नव्हता, प्रत्येक वेळी चार-पाच मिलिमीटर वेगळीकडे. एका भावात, एका पत्त्यावर आलेले दोन पीस आणि दोघांचे आजार वेगळे. म्हणून कोणी मला सांगते की अमुक स्कोप चांगला, माझ्याकडे आहे, तर मी म्हणतो तुझा असेल. स्वस्त मालात पैसा काच दिसायला चांगली करण्यात जातो, कारण दुकानात माणूस आधी त्यातून बाहेर बघतो, आणि मग नॉब कानाजवळ नेऊन फिरवतो. टक टक ऐकून खूश. आतली स्प्रिंग आणि स्क्रूचे आटे कोणी बघत नाही. तिकडे बेंचरेस्ट म्हणून भोकात भोक पाडायची शर्यत असते, त्यातले काही लोक तर आतली नळी गोंदाने किंवा स्क्रूने कायमची जाम करून टाकतात आणि ॲडजस्टमेंट बाहेर, माउंटमध्ये देतात. एवढा अविश्वास, तोही महागड्या स्कोपवर. हे वाचलं तेव्हा मला माझ्या बारा दिवसांची लाज जरा कमी वाटली.

स्प्रिंग गनचं आणखी एक, तिचा दणका दोन वेळा बसतो, पिस्टन सुटताना गन मागे, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबताना गन पुढे. बाराबोरच्या धक्क्याला बनवलेले स्कोप फक्त मागच्या धक्क्याची तयारी करून येतात, या पुढच्या झटक्याने त्यांच्या आतल्या काचा ढिल्या होतात. डब्यावर एअरगन लिहिलेलं नसेल तर पैसे वाया. रिंग पण मागे सरकत जाते, स्टॉप पिन बसवा.

पॅरालॅक्सचं, म्हणजे डोळा हालला की क्रॉस कागदावर सरकल्यासारखा दिसतो त्याचं, थोडक्यात सांगतो, पुढच्या कड्यावर २५ लिहिलेलं असते ते यार्ड, आणि ते पण अंदाजेच. डोकं हालवून बघायचं, क्रॉस कागदावर पोहत असेल तर कडं फिरवायचं, थांबला की तिथं नेलपॉलिशने खूण. घरात मागितली तर कशाला म्हणून विचारतात, तयारी ठेवा.

हे सगळं झाल्यावर ग्रुप अडीच सेंटीमीटरचा तसाच राहिला, हे पण सांगतो. तेवढा हात माझा. पण आता तो सगळा कागदाच्या मधोमध पडतो, आणि उद्या पण तिथंच पडतो. पुतण्या म्हणाला, "काका, मॅचमध्ये स्कोप चालतच नाही न पण." खरंय. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरवर ब्राँझ घेतलं तेव्हापासून याला शूटिंगचं वेड लागलं, आणि त्या मॅचमध्ये पण स्कोप नसतो, बारीक भोकाची डायऑप्टर साइट असते. दहा मीटरच्या टार्गेटवर तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, तो पण बिनस्कोपचा. म्हणजे ज्याच्यासाठी गन घेतली त्याला स्कोपचा काडीचा उपयोग नाही आणि मी दोन महिने भिंत मोजत होतो. पण डायऑप्टरलाही क्लिक असतात बेटा, घेशील तेव्हा आण, बेडवर चढवून बघू.

गावात मात्र नाव झालं. मागच्या आठवड्यात एक जण धान्याचा वजनकाटा घेऊन आला, म्हणे तुम्ही आकडा खरा का खोटा ते सांगता न. बाबा ओट्यावरून म्हणाले, "आता कापसाच्या काट्यावर बी ने याले, तेथं खरी गरज हाय."

शेवटी विकणाऱ्याने माझा स्कोप बदलून द्यायचं कबूल केलं, भिंतीचे फोटो आणि मापं पाठवल्यावर, छर्रा बदला म्हणायचं बंद झालं. नवा पीस परवा आला. डबा फोडला, नॉब कानाजवळ नेला (सवय जात नाही), आवाज मस्त. अँगल प्लेटवर चढवला, मागचं दार उघडलं आणि भिंत कोरी. रात्री पाऊस आला होता, बाबांनी बॅनर काढून कुटारावर झाकला, वर दगड ठेवले. माझ्या पाच-पाच मिलिमीटरच्या खुणा वर, नेत्याचा हसरा चेहरा खाली कुटारात. म्हटलं, बाबा, हे काय केलं? म्हणाले, "कुटार भिजलं तर बैलाले तुहा स्कोप चारू का?"

दुसरा बॅनर शोधून राहिलो. पांढरी बाजू चांगली पाहिजे.